दगडातला गॅस आणि सातबाऱ्याची जमीन



या अंकाचं संपादकीय खरं तर सामूहिक वनहक्काच्या दाव्यांवर लिहायचं होतं. तो हिशोब पान तीनवर दिला आहे, तो वाचाच. इथली जागा आम्ही एका वेगळ्या प्रश्नाला देतो आहोत, कारण हा प्रश्न आता दर बैठकीत कोणी ना कोणी विचारतंच. "आपल्या जमिनीखाली गॅस आहे म्हणून राहिले. खरं आहे का? आणि असला तं आपल्याले काय मिळन?" कोणी सांगतो की गॅस निघाला की घरटी नोकरी लागणार. दुसरा म्हणतो की जमीन फाटून आग लागणार. दोन्ही गोष्टी ऐकून माणूस गप्प होतो, आणि गप्प गावाकडून कागदावर सही घेणं सोपं असतं. म्हणून आधी दगड समजून घेऊ. मग कायदा आपोआप समजतो.

गॅस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सिलिंडर येतो. जमिनीखाली मोठी पोकळी असंल, तिच्यात गॅस भरलेला असंल, वरून भोक पाडलं की फुस्स करून बाहेर येईल, असं वाटतं. पण जमिनीखाली अशी टाकी नसते. गॅस असतो तो दगडाच्या अंगात, आणि दगडादगडात फरक आहे.

बोअरचं उदाहरण घ्या. दोन शेतं लागून असतात. एकाला ऐंशी फुटांवर पाणी लागतं, दुसऱ्याची तीनशे फुटांवरही धूळच निघते. पहिल्याच्या बोअरला दगडातली भेग सापडली, दुसऱ्याला नाही सापडली, एवढाच फरक. भेगा एकमेकींना जोडलेल्या असल्या तर लांबचं पाणीही बोअरपर्यंत चालत येतं. वाळूच्या दगडात तर भेग नसली तरी चालतं, कारण कणाकणांत जागा असते आणि त्या जागा जोडलेल्या असतात. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हाय सापडलं, तिथलं तेल आणि गॅस अशाच सच्छिद्र चुनखडीच्या दगडात होतं. तिथं भोक पाडलं की दाबानं माल स्वतः चालत आला.

शेल नावाचा दगड असा नाही. शेल म्हणजे जुना चिखल. तळ्याच्या, दलदलीच्या तळाशी बारीक गाळ बसला, त्यात पालापाचोळा आणि शेवाळ गाडलं गेलं, वरून आणखी थर पडत गेले. करोडो वर्षं दाबून आणि तापून त्याचा दगड झाला. हातात घेतला तर शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात. आतला पालापाचोळा तापून तापून त्याचा गॅस झाला. थोडा गॅस निसटून वरच्या सच्छिद्र दगडात गेला, पण बराचसा तिथंच अडकला. त्या दगडातली भोकं इतकी बारीक असतात की माणसाच्या केसाच्या जाडीत तशी हजारो भोकं ओळीनं बसतील.

या दगडात गॅस तीन तऱ्हेनं राहतो. काही गॅस बारीक भोकांत आणि भेगांत मोकळा असतो, दाबून भरलेला. काही गॅस जळक्या पालापाचोळ्याच्या अंगाला चिकटलेला असतो. चुलीजवळ टांगलेली घोंगडी आठवा. तिच्या घडीत धूर कोंडलेला नसतो, तरी वास जात नाही, कारण धूर धाग्याला चिकटलेला असतो. एवढ्याशा दगडाच्या आत भोकांच्या भिंती एकत्र मोजल्या तर अंगणभर होतील, आणि त्या सगळ्या भिंतींना गॅस चिकटलेला. थोडासा गॅस त्या पालापाचोळ्याच्या आतच मुरलेला असतो, पाण्यात साखर मुरते तसा.

आता हा गॅस बाहेर कसा येणार? चिकटलेला गॅस तेव्हाच सुटतो, जेव्हा आजूबाजूचा दाब कमी होतो. सुटला तरी त्याला त्या बारीक भोकांतून वाट काढावी लागते. बाजाराच्या दिवशी अरुंद बोळीतून गर्दी निघते तेव्हा माणसं एकमेकांपेक्षा भिंतींनाच जास्त धडकतात. गॅसच्या कणांचं तसंच होतं. भिंतीला धडकत, घरंगळत ते जवळच्या भेगेपर्यंत पोचतात. भेगेत आले की मग वाहतात. शेलमधून गॅसला वाट वाळूच्या दगडापेक्षा लाखो पटीनं कमी. म्हणजे शेलमध्ये साधं भोक पाडलं तर भोकाच्या अगदी काठाचाच गॅस येईल आणि बोअर बसून जाईल.

म्हणून कंपनीला तिथं भेगा स्वतः पाडाव्या लागतात. आधी एक-दीड किलोमीटर किंवा त्याहून खोल सरळ बोअर मारतात, मग ती खाली आडवी वळवतात आणि दगडाच्या थरातून दोन-तीन किलोमीटर आडवी नेतात. मग प्रचंड दाबानं पाणी, वाळू आणि रसायनं आत सोडतात. दगड फुटतो, वाळू भेगांत अडकून त्या उघड्या ठेवते, आणि दाब कमी केला की गॅस सुटायला लागतो. अमेरिकेत अशा एका विहिरीला सव्वा कोटी ते दोन कोटी लिटर पाणी लागत आलं आहे, अलीकडच्या लांब विहिरींना त्याहून जास्त. आपल्या गावात उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो. तसे हजार टँकर लावले तरी एक कोटीच लिटर होतं. रसायनं फार थोडी असतात, असं सांगितलं जातं. शंभरात एक भाग धरा. दीड कोटी लिटरमागे दीड लाख लिटर होतात. त्या पाण्यातलं काही परत वर येतं, खोल दगडातला खार घेऊन. ते कुठं ठेवणार, हे विचारायला पाहिजे.

आणि ही विहीर टिकत किती? पहिल्या महिन्यांत मोकळा गॅस भराभर निघतो, वर्षभरात उत्पादन निम्म्याच्याही खाली येतं. त्यानंतर चिकटलेला गॅस हळूहळू सुटत राहतो, वर्षानुवर्षं, थोडा थोडा. उत्पादन टिकवायचं तर नवीन विहीर, मग तिच्या बाजूला आणखी एक. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. शेलच्या गॅसचा धंदा एका विहिरीचा असूच शकत नाही, दगडच तसा आहे. "फक्त एक बोअर, अर्धा एकर जागा" असं कोणी म्हणत असेल तर तो एक तर फक्त तपासणी करतोय, नाही तर अर्धीच गोष्ट सांगतोय. पूर्ण धंद्यात शेकडो विहिरी येतात, त्यांच्यातले रस्ते, पाइप आणि पाण्याचे खड्डे येतात, आणि जंगलाचे तुकडे होतात.

आता आपल्या भागाकडे येऊ. नागपूरच्या उत्तरेला कामठीपासून उमरेडकडे, आणि खाली वर्धा नदीच्या काठानं चंद्रपूर, राजुरा, वणीपर्यंत, तिथून प्राणहिता-गोदावरीकडे जो कोळशाचा पट्टा जातो, त्या दगडांना जगभरचे भूशास्त्रज्ञ गोंडवना म्हणतात. मेडलिकॉट नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञानं १८७२ साली हे नाव दिलं, गोंडांच्या मुलखावरून. पुढं तेच नाव आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया सगळ्यांना धरून असलेल्या जुन्या खंडाला मिळालं. नाव आमचं घेतलं, जमीन विचारायला मात्र कोणी आलं नाही, असं आम्ही मस्करीत म्हणतो. कामठीच्या दगडालाही शास्त्रात कामठीचंच नाव आहे.

या पट्ट्यात कोळसा आहे आणि कोळशाच्या वर-खाली शेलचे थरही आहेत. कोळशातही गॅस चिकटूनच राहतो. सावनेर, सिल्लेवाड्याच्या भूमिगत खाणीत ज्यांचे बाप-भाऊ काम करून आले त्यांना हे सांगायला नको. खाणीत पंखा का फिरतो, मिथेन मोजायचं यंत्र घेऊन माणूस पुढं का जातो, ते घरोघरी माहीत आहे. हवेत मिथेन शंभरात पाच ते पंधरा भाग झाला की ठिणगीनं भडका उडतो. कोळसा फोडला, दाब सुटला, की चिकटलेला गॅस बाहेर येतो. हाच गॅस खाण न खणता बोअरनं काढला की त्याला कोल बेड मिथेन म्हणतात. कोळशात नैसर्गिक चिरा असतात आणि त्या पाण्यानं भरलेल्या असतात. ते पाणी महिनोनमहिने उपसून टाकलं की दाब उतरतो आणि गॅस सुटतो. जिथं आपण पाण्यासाठी बोअर मारतो, तिथं ते पाणी फेकण्यासाठी मारतात. फरक लक्षात घ्या.

गॅस किती? इथं आम्ही साफ बोलतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा झरियाच्या कोळशासारखा पिकलेला नाही. त्यात ओल जास्त, आणि कमी पिकलेल्या, कमी खोलीच्या कोळशात गॅसही कमी धरला जातो. २००३ सालच्या फेरीत केंद्र सरकारनं कोळशातल्या गॅससाठी ब्लॉक वाटले, त्यात वर्धा नावाचा ब्लॉक ओएनजीसीला मिळाला होता. ओएनजीसीनं तो पुढं परत करून टाकला. शेलचं म्हणाल तर देशात पहिल्यांदा शेलमधून गॅस निघाला तो जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला, सुमारे १७०० मीटर खोलीवर. तोही गोंडवना पट्ट्यातलाच दगड. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारनं शेल गॅसचं धोरण काढलं. एवढं होऊनही भारतात शेलचा गॅस व्यापारी प्रमाणात निघालेला नाही. म्हणून "घरटी नोकरी" वाल्याला आम्ही म्हणतो, थांब भाऊ. आणि "जमीन फाटणार" वाल्यालाही तेच म्हणतो.

मग एवढं लिहायचं कशाला? कारण गॅस निघो न निघो, कागद मात्र निघून राहिले. शेजारी मध्य प्रदेशात शहडोल भागात, जिथं गोंड आणि बैगा राहतात, सोहागपूरच्या कोळशातून रिलायन्स २०१७ पासून गॅस काढते आहे, आणि तो शहडोलहून उत्तर प्रदेशात फुलपूरला पाइपनं जातो. आपल्याकडे कोळशाच्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. कोल इंडिया आणि तिच्या कंपन्यांना स्वतःच्या कोळशाच्या लीजमधला गॅस काढायची मुभा २०१५ मध्ये दिली गेली आणि २०१८ मध्ये आणखी सोपी केली गेली. म्हणजे कोळशासाठी गेलेल्या जमिनीखालचा गॅसही त्याच कागदात गेला. जमीन देताना कोणाला हे सांगितलं होतं?

२०२५ मध्ये संसदेनं तेलक्षेत्राचा १९४८ चा कायदा बदलला. आता शेल गॅस आणि कोळशातला गॅस "खनिज तेल" या व्याख्येत आहे, आणि त्यासाठी पेट्रोलियम लीज नावाचा वेगळा पट्टा आहे. तुम्ही म्हणाल, व्याख्येनं आपल्याले काय फरक पडते? पडतो. कोळसा, लोखंड, चुनखडीच्या खाणीतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसा जातो, तो बाधित गावांवर खर्च व्हायला पाहिजे. तो पैसा ज्या खनिज कायद्यातून येतो त्या कायद्यात "खनिज तेल" बसत नाही. पेसा कायद्यात खनिजाबद्दल ग्रामसभेला जो अधिकार आहे तोही गौण खनिजाचाच, म्हणजे मुरूम, गिट्टी, वाळूचा. गॅसची रॉयल्टी राज्य सरकारकडे जाते. अमेरिकेत शेलच्या गॅसवर शेतकरी श्रीमंत झाले, असं मोबाइलवर फिरतं. तिथं बहुतेक ठिकाणी जमिनीखालचा मालही जमीनमालकाच्या नावावर असतो, म्हणून त्याला हिस्सा मिळाला. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ खनिजाचा हक्क सरकारकडे ठेवतं.

आम्ही हा अंक बेसाहून काढतो. नागपूरच्या दक्षिणेचं हे गाव, आमच्या डोळ्यादेखत शेतं मोडून लेआउट पडले. इथं जमीन चौरस फुटानं विकली जाते. प्लॉट घेणाऱ्याला वाटतं की आपण पाताळापर्यंत मालक झालो. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, खोली नसते. वनहक्काच्या पट्ट्यावरही खोली नसते. आणि इथंच दगडाची ती आडवी बोअर कायद्याला येऊन भिडते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं वन संवर्धन कायदा बदलण्यासाठी एक टिपण काढलं. त्यात म्हटलं होतं की जंगलाच्या बाहेर यंत्र उभं करून तिथून जंगलाखाली आडवी बोअर नेली तर जंगलाला धक्का लागत नाही, म्हणून ते काम कायद्याच्या बाहेर ठेवावं. २०२३ मध्ये कायदा खरंच बदलला. नव्या कायद्यात सर्वेक्षण, पूर्वेक्षण, भूकंपन लहरींची तपासणी हे "वनेतर काम" धरलं जात नाही, अटी काय त्या केंद्र सरकार ठरवील. ज्या टप्प्यावर गावाला पहिल्यांदा कळतं की काही चाललं आहे, तोच टप्पा परवानगीच्या बाहेर गेला. झाडाच्या मुळाखालून जाणाऱ्या बोअरला झाडाचं काय होतं ते कायदा वरून पाहतो. पण विहीर, नाला, झरा जमिनीखालीच जोडलेले असतात. अमेरिकेत पेनसिल्वेनियात डिमॉक नावाच्या गावी २००९ मध्ये घरच्या विहिरींच्या पाण्यात मिथेन शिरला, एक विहीर फुटली. खोल दगड फोडला म्हणून गॅस इतका वर आला असं नव्हे. बहुतेक वेळा बोअरच्या पाइपाभोवतीचं सिमेंट नीट बसत नाही आणि त्या फटीतून गॅस चढतो. म्हणून कोणी "दगड दोन किलोमीटर खाली आहे, तुमची विहीर शंभर फुटांवर" असं म्हटलं, तर विचारा, मधलं सिमेंट कोण तपासणार, आणि विहिरीचं पाणी बोअर मारण्याच्या आधी तपासून कागद गावाला देणार का? आधीचा कागद नसला तर नंतर गाव काही सिद्ध करू शकत नाही.

पाइपलाइनचंही एक सांगून ठेवतो, कारण ती तर नागपूरहून जातेच आहे, मुंबई-नागपूर-झारसुगुडा. तिच्यासाठी जमीन विकत घेत नाहीत. १९६२ च्या कायद्यानं फक्त वापरहक्क घेतात. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. मोहाचं झाड लावता येत नसेल तर ती जमीन आपली कशी, हे आम्हाला अजून कोणी समजावलेलं नाही.

आपल्या हातात काय आहे? वनहक्क कायदा २००६ सगळ्या जंगलगावांना लागू आहे. पेसा मात्र फक्त अनुसूचित क्षेत्राला. रामटेक, पारशिवनीकडच्या गावांनी पेसाच्या भरवशावर राहू नये, तिथं पेसा नाही, वनहक्क आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखानं २००९ मध्येच सामूहिक वनहक्क मिळवला, म्हणून आज त्यांच्या जंगलात पाय ठेवणाऱ्याला आधी त्यांना विचारावं लागतं. ओडिशात नियमगिरीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १८ एप्रिल २०१३ ला ग्रामसभांना विचारायला लावलं आणि बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. तिथल्या लोकांकडे हक्काचा दावा होता, देवाचं ठिकाण होतं आणि ठराव लिहिलेले होते. ज्या गावाचा सामूहिक दावा अजून उपविभागीय समितीत धूळ खातो आहे, त्या गावाला गॅसच्या वेळी कोर्टात उभं राहणं जड जाईल.

म्हणून सर्व्हेवाले आले तर भांडू नका, हाकलू नका, त्यांच्यातले बरेच आपल्यासारखेच रोजंदारीवाले असतात. त्यांच्याकडचं पत्र मागा आणि मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. काम कोणत्या कायद्याखाली चाललं आहे, फक्त तपासणी आहे की लीज, बोअर किती खोल आणि सरळ की आडवी, पाणी कुठून आणणार, परत आलेलं पाणी कुठं ओतणार, हे विचारा. उत्तर तोंडी मिळालं तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहा, "उत्तर तोंडी मिळालं" असंच लिहा. हजेरीपटावर सही घेताना वर काय मजकूर आहे तो मोठ्यानं वाचून दाखवायला लावा. बाया-माणसं दोघंही बसलेली असू द्या, पाणी भरणाऱ्या बाईला विहिरीचं जितकं कळतं तितकं सरपंचाला कळत नाही.

आणि ज्या शिवारात बोअर मारल्याच्या खुणा, क्रमांक टाकलेले खांब किंवा ओळीनं पुरलेल्या तारा दिसल्या असतील, त्या गावांनी गट नंबर, तारीख आणि गाडीवर लिहिलेलं नाव आम्हाला तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या आत कळवावं. पुढच्या अंकात आम्ही त्यांचा नकाशा छापणार आहोत. स्टेन्सिलवर नकाशा काढायला वेळ लागतो, उशीर करू नका.